ग्रुप थिअरी पाठ होते, पण हाताला लागत नाही: टीवायच्या विद्यार्थिनीला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: एफवाय, एसवायला कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रात मार्क चांगले होते. टीवायला ग्रुप थिअरी सुरू झाली आणि गाडी अडली. (ग्रुप म्हणजे असा संच ज्यात दोन घटक जोडले की संचातलाच घटक येतो, कंस कुठेही घातले तरी चालतं, काहीच न बदलणारी आयडेंटिटी असते आणि प्रत्येक घटकाला उलटवणारा इन्व्हर्स असतो.) व्याख्या पाठ आहेत, सरांनी फळ्यावर केलेलं प्रूफ ओळीओळीने कळतं, पण स्वतः करायला बसलं की पहिली ओळच सुचत नाही. कोसेटपर्यंत (सबग्रुप, म्हणजे आतला छोटा ग्रुप, घेऊन पाडलेले सारख्या आकाराचे गठ्ठे) कसंबसं निभावलं, कोशंट ग्रुप (त्या गठ्ठ्यांचाच ग्रुप) मात्र डोक्यावरून गेला. आणि शेवटी एक वाक्य जोडलं आहेस, 'याचा उपयोग तरी काय?' त्याचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो, कारण ते मजेदार आहे आणि तुझ्या पर्समध्येच आहे.

हा पेपर मी बरीच वर्षं शिकवतो आणि तपासतो. तुझ्यासारखी अडचण वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची असते, आणि त्यात हुशारीचा संबंध फार कमी. कारण साधं आहे: तुझ्याकडे व्याख्या आहेत, पण माल नाही. माल म्हणजे उदाहरणं. तोंडी परीक्षेत मी विचारतो, 'नॉन-अबेलियन ग्रुप सांगा', म्हणजे ज्यात ए-बी आणि बी-ए नेहमी सारखे येत नाहीत असा. 'मॅट्रिसेस' असं लगेच उत्तर येतं. 'सहा घटकांचा सांगा, आणि त्यातले कुठले दोन घटक कम्यूट होत नाहीत ते दाखवा' म्हटलं की शांतता. ज्याला एस-३, म्हणजे तीन वस्तूंच्या सहा अदलाबदलींचा ग्रुप, हातावर मांडता येत नाही त्याला नॉर्मल सबग्रुपचं प्रूफ सुचणार कुठून?

यात दोष पुस्तकांच्या मांडणीचाही आहे. पहिल्या पानावर व्याख्या, दुसऱ्यावर गुणधर्म, तिसऱ्यावर थिअरम. प्रत्यक्षात घडलं उलटं. लाग्रांजने १७७० च्या सुमारास समीकरणांच्या मुळांची अदलाबदल करून पाहायला सुरुवात केली. आबेलने १८२४ मध्ये दाखवलं की पाचव्या घाताच्या समीकरणाला सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही. गाल्वा १८३२ मध्ये विशीतच गेला, पण जाण्याआधी कुठलं समीकरण सुटतं आणि कुठलं नाही याची किल्ली त्याने ग्रुपमध्ये शोधून ठेवली होती. तू पाठ केलेल्या ॲक्झिअम्सच्या जवळ जाणारी अमूर्त व्याख्या केलीने १८५४ मध्ये मांडून पाहिली, आणि ती आजच्या रूपात रुळली ती १८८२ च्या आसपास, फॉन डाइक आणि वेबर यांच्या हातून. म्हणजे शंभर वर्षं लोक उदाहरणांत लोळत होते, मग व्याख्या आली. तुला ती जूनमध्ये पहिल्याच तासाला मिळाली.

तेव्हा आधी माल भर. पहिलं काम यू(८) आणि यू(१०). आठपेक्षा लहान आणि आठशी सामाईक अवयव नसलेल्या संख्या १, ३, ५, ७. गुणाकार करायचा आणि आठने भागून बाकी घ्यायची. दहासाठी १, ३, ७, ९. दोन्ही ग्रुप चार घटकांचे. दोन्हींची टेबलं स्वतः मांड, छापील बघू नकोस. यू(८) मध्ये प्रत्येकाचा वर्ग १ येतो: ९, २५, ४९, तिन्हींची आठने बाकी १. यू(१०) मध्ये ३ चे घात घे: ३, ९, ७, १. एकट्या ३ ने सगळा ग्रुप उभा केला. आकार सारखा, पण स्वभाव वेगळा. आयसोमॉर्फिक नसणं म्हणजे काय (घटकांची नावं बदलूनही दोन टेबलं एक होत नाहीत), हे तुला इथे दिसेल. मग यू(५) आणि यू(१२) कर आणि कोण कोणाच्या घरचं ते ठरव.

दुसरं काम डी-४, चौरसाच्या आठ सिमेट्रींचा ग्रुप. यासाठी खरोखर चौरस कागद काप. चार कोपऱ्यांवर १, २, ३, ४ लिही, आणि मागच्या बाजूलाही त्याच कोपऱ्यावर तोच आकडा. आता आधी नव्वद अंशांत फिरवून मग उभ्या अक्षावर उलटा कर. दुसऱ्यांदा आधी उलटा कर, मग फिरव. कोपरे वेगळे येतात. 'ए-बी बरोबर बी-ए नाही' हे वाक्य पुस्तकात वाचणं आणि हातातल्या कागदात बघणं यात फरक आहे. आठही हालचालींचं टेबल कर आणि सबग्रुप शोध. ते दहा आहेत, त्यातले सहा नॉर्मल. हातून आठच सापडले तर पुन्हा बघ. बहुतेकांचे चार घटकांचे ते दोन सुटतात, ज्यांत एकही घटक चार ऑर्डरचा नाही (ऑर्डर म्हणजे कितव्या घाताला पहिल्यांदा आयडेंटिटी येते तो आकडा).

एस-३, डी-४, क्वाटर्नियनचा आठ घटकांचा ग्रुप, ए-४ (चार वस्तूंच्या सम अदलाबदली), झेड-१२ (बाराच्या बाकीवरची बेरीज), आणि दोन बाय दोन इन्व्हर्टिबल मॅट्रिसेस. टीवायच्या ग्रुप थिअरीला एवढा साठा पुरतो. पेपरातल्या 'खरे की खोटे, कारण द्या' प्रश्नांपैकी बहुतेक सगळे या सहांपैकी एकावर तरी पडतात.

आता प्रूफचं बघू. समजा प्रश्न आहे: अबेलियन ग्रुपमध्ये ज्यांचा वर्ग आयडेंटिटी येतो अशा सगळ्या घटकांचा संच सबग्रुप असतो हे दाखवा. पहिली ओळ सुचत नाही म्हणतेस, पण ती सुचायची नसतेच, ती व्याख्येतून उचलायची असते. सबग्रुप दाखवायचा म्हणजे काय दाखवायचं? संच रिकामा नाही; दोन घटक घेतले तर गुणाकार आत; इन्व्हर्स आत. हे तीन मथळे कागदावर लिही आणि खाली जागा सोड. आयडेंटिटी आत आहेच. इन्व्हर्सचं म्हणशील तर वर्ग आयडेंटिटी म्हणजे घटक स्वतःचाच इन्व्हर्स, सुटलं. उरला गुणाकार. प आणि फ आत आहेत, तर पफ चा वर्ग म्हणजे प फ प फ. मधले फ आणि प यांची जागा बदलली की प प फ फ, म्हणजे आयडेंटिटी. झालं.

बहुतेक मुलं इथे वही मिटतात. खरं शिक्षण पुढच्या पाच मिनिटांत आहे. स्वतःला विचार, 'अबेलियन' हा शब्द मी कुठे वापरला? फक्त मधल्या अदलाबदलीत. मग तो शब्द काढून टाकला तर? एस-३ उघड. वर्ग आयडेंटिटी येणारे घटक: आयडेंटिटी आणि (१ २), (१ ३), (२ ३), म्हणजे चार. ((१ २) म्हणजे १ आणि २ यांची अदलाबदल.) सहा घटकांच्या ग्रुपमध्ये चारांचा सबग्रुप लाग्रांजचा थिअरम होऊ देणार नाही: सबग्रुपच्या आकाराने ग्रुपच्या आकाराला पूर्ण भाग जायला हवा. अट काढली की विधान कोसळलं, आणि कुठे कोसळलं तेही दिसलं. प्रत्येक थिअरमवर हे कर. अट काढायची, साठ्यातलं एखादं उदाहरण त्यात घालायचं, काय तुटतं ते बघायचं. एकदा सवय लागली की थिअरमच्या अटी पाठ कराव्या लागत नाहीत.

पेपर तपासताना मला सतत दिसणाऱ्या चुका याच गोष्टीच्या अभावातून येतात. सवयीने ए-बी च्या जागी बी-ए लिहिणं, ही पहिली. एका बाजूने डावीकडून आणि दुसऱ्या बाजूने उजवीकडून कॅन्सल करणं, ही तिचीच बहीण. आणि 'गुणाकाराची ऑर्डर म्हणजे दोन ऑर्डरचा लसावि' ही लाडकी समजूत: (१ २) आणि (१ ३) दोघांची ऑर्डर २, गुणाकार थ्री-सायकल (तिघांचं चक्र), ऑर्डर ३. लसाविचा पत्ता नाही.

आता कोशंट ग्रुप. यावर जास्त वेळ घालवतो, कारण अर्धा वर्ग इथे गळतो.

एस-३ घे. एच म्हणजे आयडेंटिटी आणि (१ २) या दोघांचा संच. त्याचे लेफ्ट कोसेट काढू, गुणाकार उजवीकडून डावीकडे. पहिला एच स्वतः. दुसरा (१ ३)एच: त्यात (१ ३) आणि (१ ३)(१ २), म्हणजे (१ २ ३). तिसरा (२ ३)एच: त्यात (२ ३) आणि (१ ३ २). सहा घटक, दोन-दोनचे तीन गठ्ठे. इथपर्यंत तुला येतं.

आता गठ्ठ्यांचा गुणाकार करायचा आहे. पुस्तक सांगतं: प्रत्येक गठ्ठ्यातून एक प्रतिनिधी उचला, त्यांचा गुणाकार करा, तो ज्या गठ्ठ्यात पडेल तो गठ्ठा उत्तर. ठीक. दुसऱ्या गठ्ठ्याला त्याच्याशीच गुणू. प्रतिनिधी (१ ३) घेतला तर (१ ३)(१ ३) म्हणजे आयडेंटिटी, उत्तर पहिला गठ्ठा. तोच गठ्ठा, पण प्रतिनिधी (१ २ ३) घेतला तर (१ २ ३)(१ २ ३) म्हणजे (१ ३ २), उत्तर तिसरा गठ्ठा. गठ्ठे तेच, उत्तरं दोन. म्हणजे हा गुणाकार गुणाकारच नाही. आमदार बदलला की मतदारसंघाचा जिल्हा बदलतो म्हटल्यासारखं झालं.

'वेल-डिफाइन्ड आहे का?' हा प्रश्न सर ज्यासाठी विचारतात ते हे. तो प्रूफमधला उपचार नाही, सगळा खेळ तिथेच आहे. आता एच ऐवजी एन घे: आयडेंटिटी, (१ २ ३) आणि (१ ३ २) यांचा संच. दोन गठ्ठे: एन, आणि तीन ट्रान्सपोझिशन्सचा (दोघांच्या अदलाबदलींचा) दुसरा. दुसऱ्यातला कुठलाही घटक दुसऱ्यातल्या कुठल्याही घटकाशी गुण, नऊच्या नऊ गुणाकार करून बघ, उत्तर एन मध्येच येतं. कोणीही प्रतिनिधी चालतो. एन नॉर्मल आहे आणि एच नाही, हा या दोघांतला फरक. नॉर्मल सबग्रुपची व्याख्या आकाशातून पडलेली नाही. गठ्ठ्यांचा गुणाकार चालावा म्हणून नेमकी जेवढी अट लागते, तेवढीच ती आहे. हे उदाहरण वहीत मांडल्याशिवाय पुढचं प्रकरण वाचू नकोस. फर्स्ट आयसोमॉर्फिझम थिअरम त्यानंतर फार त्रास देत नाही: डिटर्मिनंट हा होमोमॉर्फिझम (गुणाकार जपणारं फंक्शन) घे, कर्नल (आयडेंटिटीवर जाणारे घटक) म्हणजे डिटर्मिनंट १ असलेल्या मॅट्रिसेस, आणि कोशंट म्हणजे शून्येतर संख्यांचा गुणाकार. बास.

कोशंट कळल्यावर हातात काय येतं ते एकदा बघ. लाग्रांजचा व्यत्यास खरा आहे का, म्हणजे १२ घटकांच्या ग्रुपमध्ये ६ चा सबग्रुप असतोच का? ए-४ मध्ये नाही. असता तर त्याचे दोनच कोसेट, म्हणून तो नॉर्मल, म्हणून कोशंट दोन घटकांचा, आणि दोन घटकांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा वर्ग आयडेंटिटी. याचा अर्थ ए-४ मधल्या प्रत्येक घटकाचा वर्ग त्या सबग्रुपमध्ये पडायला हवा. पण प्रत्येक थ्री-सायकल कोणाचा तरी वर्ग असते, तिच्याच इन्व्हर्सचा, आणि ए-४ मध्ये थ्री-सायकल आठ आहेत. सहांत आठ बसत नाहीत. टेबल न मांडता, एकही सबग्रुप न तपासता उत्तर आलं. मला आजही हे फळ्यावर लिहिताना बरं वाटतं.

पुढच्या सेमिस्टरला रिंग येईल, म्हणजे बेरीज आणि गुणाकार दोन्ही असलेली रचना. तिथे नवीन अडचण कमी असते, कारण आयडियल म्हणजे रिंगमधला 'कोशंट चालू देणारा' भाग, नॉर्मल सबग्रुपचाच भाऊ. पण त्याचा जन्म वेगळ्या घरात झाला. १ मार्च १८४७ रोजी पॅरिसच्या अकादमीत लामेने पूर्णांकांत संमिश्र संख्या मिसळून फर्माचं शेवटचं प्रमेय सिद्ध केल्याचं जाहीर केलं. लिउव्हिलने तिथेच शंका काढली: या नव्या संख्यांमध्ये अवयव एकाच तऱ्हेने पडतात कशावरून? पडत नाहीत, हे कुमरने आधीच दाखवलेलं होतं. तू लहान उदाहरण घे. पूर्णांकांत √−५ मिसळ. मग ६ म्हणजे २ × ३, आणि ६ म्हणजे (१ + √−५)(१ − √−५) सुद्धा. हे चारही आणखी फुटत नाहीत: फुटायचे तर अ² + ५ब² ची किंमत २ किंवा ३ यायला हवी, आणि पूर्णांकांत ती येत नाही. हरवलेली एकमेवता परत मिळवण्यासाठी कुमरने 'आदर्श संख्या' आणल्या, डेडेकिंडने १८७१ मध्ये त्यांचे आयडियल केले, आणि १९२१ मध्ये एमी नोएथरने ते सगळं अमूर्त रिंगमध्ये बसवलं. तुझ्या अभ्यासक्रमाचा बराच भाग तिच्या नजरेतून लिहिलेला आहे.

रिंगच्या पेपरातली एक चूक मात्र आत्ताच सांगून ठेवतो: 'मूळ नाही, म्हणून बहुपदी इर्रिड्यूसिबल (आणखी न फुटणारी).' हे दुसऱ्या आणि तिसऱ्या घातापुरतंच खरं. क्षचा चौथा घात अधिक ४ याला वास्तव मूळ नाही, तरी ती (क्ष² + २)² − (२क्ष)² अशी लिहिता येते आणि दोन वर्गपदींत सरळ फुटते.

परीक्षेबद्दल स्पष्टच बोलतो. विद्यापीठाच्या पेपरात दहा-बारा ठरलेली प्रूफं येतात आणि पाठ करून पास होता येतं, चांगले मार्कही पडतात. तुला तेवढंच हवं असेल तर त्यात गैर काही नाही. पण एमएस्सीसाठी आयआयटी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यायची असेल तर तिथे प्रूफ कोणी विचारत नाही. एकाहून जास्त पर्याय बरोबर असणारे प्रश्न असतात, आणि तिथे चार विधानांपैकी कुठलं खोटं हे ओळखायला उदाहरणांचा साठाच लागतो. दोन्ही परीक्षांसाठी एकाच वहीची दोन टोकं वापर: पुढून प्रूफं, मागून प्रत्येक प्रूफसमोर 'अट काढली तर' चं उदाहरण. उन्हाळ्यात एमटीटीएस हे गणिताच्या विद्यार्थ्यांचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे, आठवडेच्या आठवडे नुसतं गणित आणि फळ्यावर तुम्हीच. निवड झाली तर बाकी बेत रद्द करून जा. पुण्याजवळ असशील तर भास्कराचार्य प्रतिष्ठान या गणिताच्या संस्थेकडेही लक्ष ठेव. ते श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ मध्ये सुरू केलं. अभ्यंकर जगभर बीजभूमितीसाठी ओळखले जात, आणि कुठले ग्रुप गाल्वा ग्रुप (समीकरणाच्या मुळांच्या अदलाबदलींचा ग्रुप) म्हणून येऊ शकतात याबद्दलचं त्यांचं एक अनुमान १९९४ मध्ये रेनो आणि हारबाटर यांनी सिद्ध केलं. तू शिकतेस तोच ग्रुप, तोच गाल्वा.

इंग्रजीची धास्ती घेतली आहेस, ती सोड. पेपर इंग्रजीत लिही, विचार मराठीत कर; या विषयात इंग्रजी वाक्यं पंधरा-वीस साच्यांचीच असतात. पुस्तक एकच धर, जे गणितांनी भरलेलं आहे असं, आणि मागची उत्तरं स्टेपल करून टाक. व्हिडिओ बघायला हरकत नाही, पण प्रूफ बघताना जे 'कळतं' ते बहुतेक वेळा सांगणाऱ्याला कळलेलं असतं. बघून झालं की मोबाईल उलटा ठेवून कोऱ्या कागदावर लिहून बघ. मैत्रिणीला फळ्यावर समजावता आलं तर उत्तमच, ती 'का?' विचारणारी हवी.

आता उपयोग. तुझं आधार कार्ड काढ. बारा आकडे आहेत, त्यातला शेवटचा तपासणीचा. टाइप करताना माणूस प्रामुख्याने दोन चुका करतो: एखादा आकडा चुकतो, किंवा शेजारचे दोन आकडे उलटे पडतात. शेवटचा आकडा असा निवडायचा की या दोन्ही चुका पकडल्या जाव्यात. डेबिट कार्डावर वापरतात ती लूनची पद्धत दहाच्या बाकीवर चालते, आणि तिच्यातून ०९ चं ९० झालेलं निसटतं. आधारची पद्धत १९६९ मध्ये डच गणिती व्हेरहूफने दिलेली आहे, आणि ती निसटू देत नाही. त्याने बेरीज सोडून दिली आणि ० ते ९ ही नावं नियमित पंचकोनाच्या दहा सिमेट्रींना दिली, म्हणजे डी-५ ला. त्या ग्रुपमध्ये ए-बी आणि बी-ए वेगळे असू शकतात. त्याच्या जोडीला जागेनुसार बदलणारं एक परम्यूटेशन (आकड्यांची आपसातली अदलाबदल) ठेवलं की शेजारचे आकडे उलटले तर उत्तर हमखास बदलतं. तू कागदाचा चौरस फिरवून जे पाहशील, त्याच्याच एका भावंडावर देशभरातले आधार क्रमांक तपासले जातात.

आणि दहाच्या साध्या बेरजेवर, आकड्यांना जागेनुसार कितीही परम्यूटेशन्स लावली, तरी या दोन्ही चुका शंभर टक्के पकडणं अशक्य आहे. हे दोन ओळींत सिद्ध होतं आणि तुझ्या आवाक्यातलं आहे, म्हणून तुलाच सोडवायला देतो. शेजारच्या दोन जागांपैकी एकीवर काहीच बदल नाही आणि दुसरीवर परम्यूटेशन आहे असं धर. उलटापालट पकडली जायची असेल तर 'परम्यूटेशननंतरचा आकडा वजा मूळ आकडा' ही वजाबाकी दहाही आकड्यांसाठी वेगवेगळी यायला लागेल. त्या दहा वजाबाक्यांची बेरीज दोन तऱ्हांनी कर. ० ते ९ यांची बेरीज ४५ असते, म्हणजे दहाच्या हिशेबात ५.